अनुमती देणाऱ्याचा वाटा

दिवाळीत अनारसे थापताना ज्या खसखशीवर ते थापले जातात, ती खसखस अफूच्या बोंडातून निघते. आपल्या घरांतील पुष्कळांना हे ठाऊक असते, पण त्यावर कोणी विचार करीत बसत नाही. बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या की जो चीक पाझरतो, तो दाट होऊन अफू बनते. अफूतून मॉर्फिन निघते आणि कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील असह्य वेदना शमविण्याच्या कामी त्याच्या तोडीची औषधे फार थोडी आहेत. मॉर्फिनवर आणखी एक रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन होते. जर्मनीतील बायर कंपनीने १८९८ साली ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. पक्वान्न, औषध आणि सर्वनाश या तिन्ही गोष्टी एकाच बोंडात नांदतात. आपल्या वैद्यांनी अफूला ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे नाव दिले आणि तरीही तिला औषधांत स्थान दिले. नाव ठेवणाऱ्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

तेव्हा दोष वनस्पतीचा नाही, हे प्रथमच मान्य करावे लागते. दोष असेल तर तो माणसांच्या हातांचा. पण अफूच्या बाबतीत हे हात अनेक आहेत. पिकविणारा, विकत घेणारा, वाहून नेणारा, कर वसूल करणारा, विकणारा आणि सेवन करणारा असे सारे एका रांगेत उभे आहेत, आणि प्रत्येकजण पुढच्याकडे किंवा मागच्याकडे बोट दाखवितो. पापाचे असे वाटे पडत गेले म्हणजे प्रत्येकाचा वाटा इतका लहान होतो की कोणालाच तो जाणवत नाही. ही अडचण जुनी आहे. मनुस्मृतीशी आमचे अनेक बाबतींत जुळत नाही, परंतु मांसभक्षणाच्या संदर्भात तिने मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. केवळ मारणाराच नव्हे, तर कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच घातक होत, असे ती सांगते. या आठजणांच्या यादीत पहिले नाव कोणाचे असावे? अनुमती देणाऱ्याचे! ज्याच्या हाताला रक्त लागत नाही, त्याचेच नाव स्मृतिकाराने सर्वांच्या आधी घेतले आहे. आयुष्याची बरीच वर्षे शासनाच्या सेवेत, म्हणजेच परवाने, मंजुऱ्या आणि स्वाक्षऱ्या यांच्या संगतीत काढल्यामुळे असेल, पण या क्रमाकडे आमचे लक्ष वारंवार जाते. अफूच्या इतिहासात अनुमती देणाऱ्याचा वाटा किती, आणि तो कसा फेडावयाचा, हाच या लेखाचा विषय आहे.

हा इतिहास आम्हा माळव्यातील मराठी माणसांना परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगाल-बिहारच्या अफूच्या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे घेतला. चीनचा चहा घ्यावयाचा तर चांदी मोजावी लागे. त्या चांदीऐवजी अफू देण्याची ही युक्ती होती. माळव्यात मात्र कंपनीचे राज्य नव्हते. होळकर, शिंदे, पवार आणि इतर लहानमोठ्या संस्थानांच्या मुलखात अफू पिकत होती आणि तीही चीनकडेच जात होती. १८२० नंतरच्या दशकात कंपनीने संस्थानिकांशी करार करून हे पीक आवळण्याचा प्रयत्न केला; पण माल आडमार्गांनी कराचीकडे आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमण बंदराकडे जातच राहिला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने धोरण बदलले. बंदी सोडून तिने परवाना आणला. माळव्याची अफू काट्यावर मोजून, पेटीमागे शुल्क भरून, पास घेऊन मुंबईस न्यावी अशी व्यवस्था झाली. इंदूर हे अशा काट्यांपैकी एक प्रमुख ठिकाण होते. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मग हे शुल्क चढतच गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकूण महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा काही वर्षे अफूपासून येत होता.

ज्या काळात हे काटे चालू होते, त्याच काळात चीनमध्ये काय घडत होते? १८३९ मध्ये बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने कँटन येथे परकीय व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून त्यांचा नाश केला. त्यावरून युद्ध झाले आणि १८४२ च्या तहाने चीनला हाँगकाँग गमवावे लागले. १८५६ ते १८६० या काळात दुसरे युद्ध झाले. अफू नको म्हणणाऱ्या देशाला ती तोफांच्या बळावर घ्यावयास लावली गेली. त्या पेट्यांत बिहारची अफू होती तशी माळव्याचीही होती.

या व्यापारात गुंतलेल्यांनी आपल्या मनाची समजूत कशी घातली, हे पाहण्यासारखे आहे, कारण त्या समजुती आजही जिवंत आहेत. पहिली समजूत अशी की आम्ही न विकले तर दुसरा कोणी विकील. कंपनीने माळव्याकडे बोट दाखविले आणि माळव्याने कंपनीकडे. दुसरी समजूत अशी की घेणारा आपल्या खुशीने घेतो. तिसरी सर्वांत मोहक आहे. या पैशातून केवढी सत्कृत्ये होतात! सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीत चीनच्या अफू-व्यापाराचा मोठा भाग होता, आणि त्याच संपत्तीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. त्या रुग्णालयाने किती जीव वाचविले याची गणती नाही. पण कँटनमध्ये झिजून मेलेल्या माणसाचा हिशेब मुंबईत वाचलेल्या माणसाने फिटतो काय? दान मोठे असते, यात शंका नाही. परंतु ज्याचे नुकसान झाले त्याच्यापर्यंत ते पोहोचत नसेल, तर त्याला परतफेड म्हणता येत नाही.

दुसऱ्या समजुतीचे उत्तर दूर चीनमध्ये शोधावयास नको. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देत असत. मूल दिवसभर निजून राही. १९२० नंतरच्या दशकातील पाहण्यांत ही चाल सर्रास आढळली. आई निर्दय होती म्हणून नव्हे, तर मुलाला सांभाळणारे घरी कोणी नव्हते आणि एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नव्हती म्हणून ती ही गोळी देत असे. त्या तान्ह्या मुलाने कोणत्या खुशीने अफू घेतली? आणि त्या आईने तरी? सरकारमान्य दुकानात मिळणारी गोळी तिने घेतली, एवढेच. अनुमती देणाऱ्याने दुकानाला परवाना दिला होता, पाळणाघराची सोय मात्र केली नव्हती.

अशा काळातही वेगळा विचार करणारी माणसे होती. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले; तिच्या अफू-मद्याच्या व्यवहारातील नफा घेणे त्यांच्या मनाला पटेना, आणि तीन वर्षांच्या आत त्यांनी ती भागीदारी सोडली. पुढे काही काळ बडोद्याचे दिवाण झालेल्या या गृहस्थांनी हिंदुस्थानच्या लुटीची भरपाई चीनला विष पाजून केली जाते, असा आरोप १८८० मध्ये सरकारवर केला. रवींद्रनाथ ठाकूर यांचे आजोबा द्वारकानाथ यांची कंपनी चीनच्या अफू-व्यापारात होती. नातवाने १८८१ मध्ये, वयाच्या विशीत, ‘भारती’ मासिकात लेख लिहून त्या व्यापाराला मरणाचा व्यापार म्हटले. दादाभाईंनी भागीदारी सोडल्याने एक पेटीही कमी गेली नसेल. रवींद्रनाथांच्या लेखाने चीनमधील एकही अफूखाना बंद पडला नसेल. पण ‘दुसरा कोणी विकील’ ही सबब त्यांनी स्वतःपुरती नाकारली. आमच्या मते नीतीचा आरंभ येथेच होतो. पूर्वजांची निंदा करणे त्यासाठी आवश्यक नाही. माळव्यातील आपल्या जुन्या वाड्यांना लागलेल्या चिऱ्यांत, संस्थानांनी दिलेल्या इनामांत, वेतनांत आणि शाळांत त्या महसुलाचा अंश असणारच. तो अंश उकरून वेगळा काढता येत नाही. तो होता, एवढे स्वच्छ मनाने म्हणता येते, आणि तसे म्हटल्यावर आजच्या प्रश्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

महाभारतात धर्माचा उपदेश करणारे दोन व्यावसायिक भेटतात. एक मिथिलेचा धर्मव्याध. तो मांस विकतो; हा आपला कुलपरंपरेचा व्यवसाय आहे आणि शेतीतही नांगराखाली जीव मरतातच, असे तो सांगतो. दुसरा वाराणसीचा तुलाधार. तो वाणी आहे. त्याचा तराजू सर्व प्राणिमात्रांना सारखा आहे. तो नाना प्रकारचे रस विकतो, पण मद्य विकत नाही. या दोघांत विरोध आहे असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला व्यवसाय निवडण्याची मुभा नव्हती, त्याला धर्मव्याधाच्या मापाने मोजावे; ज्याच्या हातात तराजू आहे, त्याला तुलाधाराच्या मापाने.

आजच्या माळव्यात ही दोन्ही मापे लागू पडतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये देशात अफूची लागवड केवळ केंद्र सरकारच्या परवान्याने होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांत मिळून एक लाखाहून अधिक शेतकरी आज हे पीक घेतात. मंदसौर, नीमच आणि रतलाम हे त्याचे जुने आगर. या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि अफूवर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच व गाझीपूर येथे आहेत. औषधासाठी अफूचा डिंक कायदेशीरपणे निर्यात करणारा आपला देश जगात एकटाच आहे.

परवान्याला तिकडे ‘पट्टा’ म्हणतात. पट्टा असतो काही गुंठ्यांचाच, पण त्यावर घराची पत ठरते. सोयरीक जुळविताना त्याची चौकशी होते. माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळून बोंडे भरतात. दुपारनंतर बारीक पात्यांनी त्यांना चिरा देतात आणि रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी पहाटे खरडून घेतात. या कामाला घरातील बायका-मुले सारी लागतात. गारपीट झाली, अवकाळी पाऊस आला, तर चीक धुऊन जातो. पोपट आणि नीलगाई यांचा त्रास वेगळाच. ठरलेल्या प्रमाणात उतारा सरकारी काट्यावर भरला नाही तर पट्टा जातो. जास्त निघाले तर ते चोरून घेणारा दाराशी येतो आणि सरकारी दराच्या कैक पटींनी पैसे देऊ करतो. एका बाजूला पट्टा जाण्याची भीती, दुसऱ्या बाजूला मुलीच्या लग्नाचा खर्च, आणि मध्ये एक-दोन किलोंचा प्रश्न. चितोडगड जिल्ह्यातील मंडफिया येथे सांवलिया सेठ म्हणून कृष्णाचे देवस्थान आहे. आसपासचे शेतकरी-व्यापारी या देवाला आपल्या धंद्यातील भागीदार मानून नफ्याचा हिस्सा अर्पण करतात. दानपेटीत रोकड, सोने यांच्याबरोबर कधी अफूच्या पुड्याही निघतात. या भक्तीची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. ज्या ओझ्यात कोणी माणूस भागीदार व्हावयास तयार नाही, त्यात तो शेतकरी देवाला भागीदार करून घेतो.

आणि घेणारा? माळवा आणि मारवाड येथे पाहुण्याला कसुंबा, म्हणजे पाण्यात घोळलेली अफू, देण्याची रीत फार जुनी आहे. सोयरिकीत, भांडण मिटविताना, मृत्यूनंतरच्या बैठकीत ती दिली जाई. चीक काढून घेतलेल्या बोंडांचा चुरा, ज्याला डोडाचुरा म्हणतात, तो उकळून पिणारे मजूर आणि ट्रकचालक हेही या भागाला नवे नाहीत. या चुऱ्याची परवानाधारक दुकाने होती. राजस्थानात २०१६ साली ती बंद झाली. दुकान बंद करणे एका आदेशाने होते. वीस-वीस वर्षे सवय असलेल्या देहाला तो आदेश समजत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी माणसे अफू, हेरॉइन किंवा त्या वर्गातील औषधे नशेसाठी वापरतात, आणि त्यांपैकी सुमारे सत्त्याहत्तर लाखांना उपचारांची वा मदतीची गरज आहे. याच पाहणीत असेही दिसले की अफू-डोड्यापेक्षा हेरॉइन वापरणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. सौम्य विषाची जागा उग्र विषाने घेतली आहे.

मग सर्वच बंद का करू नये? हा प्रश्न सज्जन माणसे नेहमी विचारतात आणि त्यामागील कळकळ खरी असते. परंतु नकार देणे हीसुद्धा एक कृतीच आहे, आणि तिचेही परिणाम असतात. १९८५ च्या कायद्यात औषधी वापराला वाव होता, पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके अनेक की रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. त्यानंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सत्त्याण्णव टक्क्यांनी घटला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या अठरा किलोंवर आला. साऱ्या देशासाठी अठरा किलो! जगाच्या वेदनेसाठी अफू पिकविणाऱ्या देशात कर्करोगाचे रोगी खाटेवर तळमळत मेले, आणि त्यांत नीमचच्या परिसरातील रोगीही असलेच पाहिजेत. कोणाही अधिकाऱ्याने त्यांना यातना दिल्या नाहीत. प्रत्येकाने फक्त आपली स्वाक्षरी राखून ठेवली. केरळात कालिकत येथे १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम उभे केले, योग्य देखरेखीखाली मॉर्फिन सुरक्षितपणे घरोघर देता येते हे दाखविले, आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक अमली औषधांसाठी एकसमान, सोपे नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. मध्ये एकोणतीस वर्षे गेली होती.

बंदीचा दुसरा धडा अफगाणिस्तानचा. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टरांवर असलेली लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली. बंदी इतकी परिणामकारक क्वचितच झाली असेल. पण त्याच एका वर्षात तेथील शेतकऱ्यांचे अफूपासूनचे उत्पन्न नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि त्यांच्या हाती दुसरे पीक, पाणी किंवा बाजार यांपैकी काहीच दिले गेले नाही. त्याच वर्षी अफूच्या उत्पादनात म्यानमार जगात पहिल्या क्रमांकावर गेला. एका देशातील गरिबाकडून काढून घेतलेले पीक दुसऱ्या देशातील गरिबाच्या शेतात गेले. ‘दुसरा कोणी विकील’ ही व्यापाऱ्याची सबब म्हणून आम्ही नाकारली. पण राज्यकर्त्यासाठी ती सबब नसून वस्तुस्थिती आहे, आणि ती ध्यानात न घेता केलेली बंदी म्हणजे केवळ हात झटकणे होय.

येथे आम्ही आमच्या प्रश्नाच्या उत्तराशी येतो. अनुमती देणारा ‘मी फक्त परवाना दिला’ असे म्हणून सुटत नाही, आणि नाकारणारा ‘मी तर बंदीच केली’ असे म्हणूनही सुटत नाही. परवान्याने कृत्य कायदेशीर होते. त्याचे परिणाम परके होत नाहीत. १८३० सालच्या इंदूरच्या काट्याला फक्त अफूचे वजन कळत होते. ती कोणाच्या पोटात जाते, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. परंतु त्याच्या चौकशीचा भर हिंदुस्थानातील सेवनावर होता, आणि १८९५ च्या अहवालात बंदीची गरज नसल्याचा निर्णय आला. चिनी माणूस ‘आपला’ नव्हता. पुढे व्यसनी माणूस ‘आपला’ राहिला नाही, आणि नंतर वेदनेने तळमळणारा रोगीही नियमांच्या कागदांआड गेला. अफूच्या साऱ्या इतिहासात मोजमाप नेहमीच चोख राहिले आहे, पण मोजणाऱ्यांनी काही माणसांना हिशेबात धरलेच नाही.

तुलाधाराचा तराजू सर्वांना सारखा होता, याचा अर्थ आम्ही असा घेतो. आजच्या काट्यावर एका पारड्यात अफू असेल, तर दुसऱ्यात तीन माणसे असली पाहिजेत. पट्टा गमावण्याच्या भीतीने जगणारा शेतकरी, ज्याला अफूऐवजी लसूण, इसबगोल किंवा अन्य पिकांत खात्रीचा भाव मिळाला पाहिजे. व्यसनात अडकलेला माणूस, ज्याला स्वेच्छेने उपचार घेतल्यास शिक्षेपासून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तुरुंग जितके जवळ असते तितके उपचारकेंद्र जवळ नसते. आणि वेदनेने तळमळणारा रोगी, ज्याच्या वाट्याचे औषध त्याच्याच जिल्ह्यात पिकते. या तिघांपैकी एकाला जरी पारड्याबाहेर ठेवले, तरी वजन खोटे ठरते.

लोकशाहीत अनुमती देणारे कोणी एकटे सरकार नसते. सरकार आपल्या नावाने अनुमती देते आणि आपल्या नावाने नाकारते. मनुस्मृतीच्या यादीतील पहिले नाव त्यामुळे आता तुमचे-आमचे झाले आहे. आपल्या गावातील रुग्णालयात मॉर्फिन मिळते काय, जवळचे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे की नुसता फलक आहे, आणि शेजारच्या घरातील मुलगा नशेच्या आहारी गेला तर आपण त्याच्या आईशी बोलणे बंद करतो की वाढवितो, हे प्रश्न विचारण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. आपल्या संस्थांत निवृत्त डॉक्टर आहेत, वकील आहेत, अधिकारी आहेत. या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर जरी आपल्या शहरापुरते शोधून काढले, तरी माळव्याच्या जुन्या काट्याने न मोजलेल्या ऋणातील काही अंश फिटेल.